माझ्या कुकरची शिट्टी बँकॉकला

शुगर लँड, टेक्सस
१४ जून

प्रिय मीनाक्षीताई,
सप्रेम नमस्कार.

अत्यंत खेदाने कळवते, की या घरात गेला आठवडाभर वरणभात शिजलेला नाही. तांदूळ आहेत, तूरडाळ आहे, कुकर आहे, झाकण आहे, रबर तर नवंकोरं आहे. नाही ती फक्त शिट्टी. तुम्ही तिघी विमानतळावर निघालात त्या सकाळी ती होती, कारण तुमच्या प्रवासाच्या दहीभातासाठी भात मी त्याच कुकरमध्ये लावला होता. तुम्ही गेल्यावर ती नाही. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त घटना क्रमाने मांडतेय.

आमचे मोरेश्वर म्हणाले, इंडियन स्टोअरमधून नवी आणू. पण हा कुकर माझ्या लग्नातला. त्या मापाची शिट्टी आता मिळत नाही. दुकानातल्या पोराने मला विजेवरचं एक भांडं दाखवलं, डाळ शिजली की ते गाणं वाजवतं. ज्या घरात तीस वर्षं शिट्ट्यांवर संसार झाला, तिथे आता गाण्यावर डाळ उतरवायची?

तुमच्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरात, औषधांच्या डबीत एकदा बघून घ्या. प्रवासाच्या गडबडीत माणूस काय काय उचलतो. मी समजू शकते.

हे फॅमिली ग्रुपवरच लिहिणार होते. पण तिथे आपण काहीही लिहिलं की परीक्षित न वाचता अंगठा टाकतो, आणि आश्लेषा ‘आई, चिल’ असं लिहिते. कुठल्या आईला, तेही कळत नाही. म्हणून ही ईमेल.

बाकी फोटो पाहिले. छान आहेत. सून तिकडच्या ऑफिसात तीन महिने, मुलगा इकडे सांता क्लारात फ्रोझन पराठ्यांवर, आणि चार वर्षांची नात तुमच्या ताब्यात. नातीला सांभाळायला चला म्हणून आश्लेषाने एप्रिलमध्ये आधी मलाच विचारलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मीच नको म्हटलं. गणपतीचं नाटक माझ्याच गळ्यात आहे, आणि मंडळात माझ्याशिवाय पान हलत नाही असं लोक म्हणतात. तेव्हा तुम्ही निःसंकोच मजा करा. प्रत्येक फोटोत सिंहासनावर बसल्यासारख्या बसलेल्या दिसता. माणसाने सुख घ्यावं तर असं.

इलाला माझा पापा. घेऊ देत असेल तर.

आपली,
आसावरी


बँकॉक
१९ जून

प्रिय आसावरीताई,
सादर नमस्कार. व्याह्यांनाही सांगावा.

तुमचं पत्र यायच्या आधीच तुमची तक्रार पोचली होती. तुम्ही परीक्षितरावांना फोनवर सांगितलं, त्यांनी आश्लेषाला सांगितलं, आणि आश्लेषाने ऑफिसातून आल्या आल्या माझी बॅग पलंगावर उलटी केली. “आई, खरं सांग, रागावणार नाही,” म्हणाली. नागपूरच्या शाळेत सारी नोकरी मी मुलींच्या दप्तरांची झडती घेण्यात घालवली. माझी झडती मात्र पहिल्यांदाच झाली. शिट्टी निघाली नाही. तुमच्याकडच्या हॉटेलमधल्या बडीशेपेच्या पुड्या तेवढ्या निघाल्या, त्या मी कबूल करते.

इथे उकाडा पुष्कळ. पण नागपूरच्या माणसाने उन्हाबद्दल बोलू नये. इलाची बाबागाडी इथल्या फुटपाथवर चालत नाही, कारण फुटपाथवर आधीच एक नूडल्सवाली, एक शिवणयंत्र, एक देव्हारा आणि तीन मांजरं असतात. मग इला चालते आणि बाबागाडीत आमच्या पाण्याच्या बाटल्या बसतात.

रविवारी वाट फोचं देऊळ बघितलं. तिथले बुद्ध आडवे झालेले आहेत. केवढे, ते एका नजरेत मावत नाही. डोक्यापासून सुरुवात करायची आणि चालत पायांपाशी जायचं. इलाला वाटलं ते झोपलेत. माझ्या कानात म्हणाली, “आजी, व्हेअर इज हिज ब्लँकेट?” मागच्या भिंतीलगत काशाच्या वाट्यांची ओळ आहे. लोक प्रत्येकीत एकेक नाणं टाकत पुढे जातात, आणि सबंध देवळात टिणटिण असा आवाज भरून असतो. इलाने आपली सगळी नाणी एकाच वाटीत ओतली. का, तर तिच्यात कमी होती.

वाट अरुणच्या पायऱ्या तर शिडीसारख्या उभ्या. वरून नदी काय दिसते म्हणून सांगू. पिवळ्या झेंड्याच्या होड्या, नारिंगी झेंड्याच्या होड्या. तुम्ही असायला हव्या होतात. पण मंडळाचं काम मोठं. माझ्यासारख्या रिकामटेकडीला काय, लेकीने बोलावलं की निघायचं.

आपली,
मीनाक्षी


शुगर लँड
२२ जून

प्रिय मीनाक्षीताई,
स. न.

झडती व्हावी असा माझा हेतू नव्हता. मी परीक्षितशी सहज बोलले. आपल्या मुलाशी सहजही बोलायचं नसेल तर मग बोलायचं कुणाशी? मोरेश्वर तर शिट्टी हरवल्यापासून बाहेर जेवायला मिळतं म्हणून खूश आहेत.

ते ब्लँकेटचं मात्र माझ्याकडून उचललेलं आहे. नम्रपणे नमूद करते. मागच्या थँक्सगिव्हिंगला इला इथे होती, तेव्हा रोज झोपताना मी तिच्या प्रत्येक बाहुलीला विचारायचे, बाई, तुझं पांघरूण कुठाय. आमची पद्धत आहे ती. बुद्धापर्यंत पोचली, आनंद आहे.

आम्हीही काल पर्यटन केलं. तुमचं पत्र वाचून घरात बसवेना. शहराच्या चौकात गेलो. अर्धा तास पार्किंग शोधलं, गाडीतून उतरलो, एका पुतळ्यापाशी उभं राहून फोटो काढला आणि घाम पुसत परत गाडीत बसलो. मोरेश्वर म्हणाले, झालं बघून? झालं. फुटपाथ इकडे अगदी गुळगुळीत आहेत. नूडल्सवाली नाही, मांजर नाही, माणूसही नाही. बाबागाडी इथे सरळ न्यूयॉर्कपर्यंत ढकलत नेता येईल. फक्त तिच्यात बसायला कुणी नाही.

मागच्या तळ्याकडे गेले होते. इलाला विचारा दामू आठवतो का. दामू मगर, आमच्या तळ्यातला. खराखुरा नाही, माझ्या गोष्टीतला. तो इंडियन स्टोअरमध्ये मेथी आणायला जातो. तिला सांगा, शुगर आजीने दामूची चौकशी केलीय. (मला शुगर नाही. हे नाव तिने गावावरून ठेवलंय. मंडळात निम्म्या बायका मला गोड खायचा आग्रह करत नाहीत ते यामुळे.)

तुम्हाला ती नुसती ‘आजी’ म्हणते, हे मी तुमच्या पत्रात वाचलं. मी काही म्हणत नाही.

आपली,
आसावरी


बँकॉक
५ जुलै

प्रिय आसावरीताई,
सा. न.

शिट्टी सापडली.

काल आम्ही लुंपिनी बागेत गेलो. भर शहरात मोठं तळं आहे आणि तळ्याकाठी घोरपडी. आपल्या इतिहासातल्या किल्ल्यावर चढणाऱ्या नव्हेत, चांगल्या पुरुषभर लांब, पोट घासत निवांत रस्ता ओलांडणाऱ्या. लोक त्यांना वाट देतात. मी बाकावर बसले होते. इला जरा पुढे गेली, खाली वाकली, आपल्या मोज्यातून काहीतरी काढलं आणि गवतावर ठेवलं. म्हणाली, “दामू, कम, आय गॉट युअर हॅट.”

बघते तर कुकरची शिट्टी.

तिचं म्हणणं असं, की दामूची टोपी वाऱ्याने उडाली ती तळ्यात पडली, आणि शुगर आजीने ती काढून आपल्या कुकरवर सुकत ठेवली होती. आपण बँकॉकला जाणार, तिथे मगरीसारखे कुणीतरी आहेत असं आईने सांगितलेलं, म्हणून हिने टोपी बरोबर घेतली. मुलीचा तर्क पक्का आहे. तेव्हापासून ती शिट्टी रोज तिच्या मोज्यात असते. मोजे बदलले की शिट्टी बदललेल्या मोज्यात जाते. घोट्याला वळ उठला तरी सोडत नाही.

आश्लेषाला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती शिट्टी काढून घेईल आणि पोरीला ‘विचारल्याशिवाय वस्तू घ्यायच्या नाहीत’ यावर व्याख्यान देईल. तेव्हा चोर मीच राहिले आहे. मला चालतं.

एक मागणं आहे. दामूच्या गोष्टीत तो कासवाच्या वाढदिवसाला जातो आणि दारापाशी थांबतो, कारण डोक्यावर टोपी नाही. तिथे तुम्ही इलाला झोपवलं होतं. पुढे काय होतं? ती रोज विचारते. मी माझ्या मनाने सांगून पाहिलं, की कासवाने दाराशी येऊन त्याला नवी टोपी दिली. ती अंथरुणात उठून बसली. “दॅट्स नॉट राइट, आजी. यू डोन्ट नो दामू.”

तेवढं लिहून पाठवा.

आपली,
मीनाक्षी


शुगर लँड
६ जुलै

प्रिय मीनाक्षीताई,

शिट्टी सापडल्याचं वाचून बरं वाटलं. परत पाठवायची घाई नाही. आम्ही ते गाणारं भांडं आणलंय. वरण बरं होतं, गाणं असह्य आहे.

तुमचं पत्र मोरेश्वरांना वाचून दाखवलं. मोज्याचा भाग तू दोनदा वाचलास, म्हणाले. मला आठवत नाही.

गोष्टीचं म्हणाल तर ती अशी पत्रात मावणारी नाही. ती समोर मूल असलं की सुचते. पुढे काय होतं, खरंच माझ्या लक्षात नाही. तुम्ही शिक्षिका आहात, भूगोल शिकवलेला आहे, एका मगरीला दारातून आत न्यायला काय कठीण? आणि तुमच्याकडे इतकं सगळं आहे, देवळं, होड्या, घोरपडी, सबंध राजधानी. एक गोष्ट माझ्याकडे राहिली तर बिघडलं कुठे?

कालच्या व्हिडिओ कॉलवर इला फार वेळ बोलली नाही. झोप आली होती म्हणालात. तुम्ही मागे सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होतात. थाट छान आहे.

आ.


बँकॉक
२६ जुलै

प्रिय आसावरीताई,

मध्ये बरेच दिवस गेले. लिहायला बसत होते, उठत होते. उठणं कठीण जातंय म्हणून लिहिणं राहिलं असं म्हणू का? तेही खोटं नाही.

मी प्रत्येक फोटोत बसलेली आहे हे तुम्ही बरोबर पाहिलंत. माझा उजवा गुडघा मार्चपासून धरतो. वाट अरुणच्या पायऱ्या मी चढलेच नाही. आश्लेषा इलाला घेऊन वर गेली आणि मी खाली बाकावर बसून राहिले. नदी वरून कशी दिसते ते इलाने खाली येऊन सांगितलं, ते मी तुम्हाला लिहिलं. होड्यांच्या झेंड्यांचे रंग तिचेच आहेत. आश्लेषाला वाटतं, आईला गर्दी आवडत नाही.

मंगळवारी मी आणि इला दोघीच नदीवर गेलो. तिथे होडी धक्क्याला लागते न लागते तोच लोक उतरतात, चढतात आणि होडी सुटते. इलाचा हात माझ्या हातात होता. पुढे एक कुटुंब होतं, त्यांच्या मुलांमागे ती उडी मारून आत गेली. मी पाय उचलला, आणि गुडघा जागच्या जागी अडकला. होडी निघाली. मी धक्क्यावर, पोरगी होडीत. मी ओरडले ते मराठीत. तिथे कुणाला कळणार.

होडीतल्या तिकीटवाल्या बाईने इलाला कडेवर घेतलेलं मला दिसत होतं. तिने मला हाताने खूण केली, थांब. पुढच्या धक्क्यावर उतरून ती तिला उलट्या दिशेच्या होडीने परत घेऊन आली. किती वेळ गेला ते मला विचारू नका. पोरीला काहीच वाटलं नव्हतं. तिच्या गालाला कुणीतरी दिलेल्या केळ्याचं लागलेलं होतं. म्हणाली, “आजी, यू मिस्ड द बोट.”

आश्लेषाला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला नागपूरला पाठवेल आणि इलाला इथल्या डे-केअरमध्ये. चूक नाही तिची. पण नागपूरच्या घरी जाऊन मी कुणाला जेवायला हाक मारू?

आता दुसरी गोष्ट. एप्रिलमध्ये आश्लेषाने मला फोन केला तेव्हा म्हणाली, परीक्षितच्या आईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या. मी विचारलं, किती वेळा विचारलंस? म्हणाली, एकदाच, त्या नो म्हणाल्या ना. आसावरीताई, तुमचं ते पहिलं ‘नको’ होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. आपल्याकडे पहिल्या ‘नको’ला कोण धरतं? आणखी दोनदा विचार, एवढंच मला तिला सांगायचं होतं. मी नाही सांगितलं. मी म्हटलं, मी येते.

तेव्हा आता मीच विचारते. या. काय म्हणता, नाटक आहे? तरी या. जमणार नाही? या हो.

पण माझ्या गुडघ्यासाठी येताय असं होऊ देऊ नका. तुम्ही हट्टाने येताय असं करा. हेव्याने येतेय म्हणा. ते सगळ्यांना लगेच खरं वाटेल.

आपली,
मीनाक्षी


शुगर लँड
२७ जुलै

मीनाक्षीताई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी अर्धा तास रागात होते. मग मोरेश्वरांना दाखवलं. ते तिकिटं बघायला लागले. तीस वर्षांचा संसार असा असतो.

तीन अटी. मी पोचेपर्यंत धक्क्याकडे फिरकायचं नाही, होडीकडे बघायचंही नाही. घोरपडी पुरेत. आणि होडीचं आश्लेषाला तुम्हीच सांगायचं, मी आल्यावर. मी शेजारी बसेन. तिने आवाज चढवला तर मी तिची सासू आहे, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे. तिसरी, गुडघा दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा. नको म्हणू नका, मी तीनदा विचारणार नाही.

तोवर इलाला हे सांगा. माझं नाव सांगायची गरज नाही, तुम्हाला आठवलं म्हणा.

दामू दारात उभा राहतो. डोक्यावर टोपी नाही म्हणून लाजतो. आतून कासव विचारतं, येतोस का रे? दामू म्हणतो, नको. त्याला वाटतं, कासव पुन्हा विचारेल. पण आत गाणी चाललेली असतात, केक कापायचा असतो, कासव म्हणतं बरं, आणि आत जातं. दामू दारात थांबतो. कुणी येत नाही. त्याला केकचा वास येतो. मग तो आपलं शेपूट गोळा करतो आणि तसाच, बोडक्या डोक्याने, आत जाऊन बसतो. आणि कुणी बघतसुद्धा नाही टोपी आहे का नाही. कासव म्हणतं, सरक थोडा, मलाही बसू दे.

एवढंच. मला आठवत होतं.

आसावरी


शुगर लँड
२८ जुलै

प्रिय आश्लेषा,
अनेक आशीर्वाद.

मी पुढच्या शनिवारी बँकॉकला येतेय. तू विचारलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. मीही विचारत नाहीये, कळवतेय. तिकीट काढलंय. नाटक मंडळातल्या अदितीच्या गळ्यात घातलंय. ती पहिल्याच फोनला हो म्हणाली, हल्लीच्या मुली अशाच.

कारण तुला कळायला हवं, नाहीतर तू परीक्षितला विचारशील आणि तो अंगठा टाकेल. कारण हेवा. तुझ्या आईचे फोटो बघून बघून मला इथे अन्न गोड लागत नाही. ती देवळात, ती बागेत, ती नदीकाठी, आणि मी पार्किंगमध्ये. माझ्या नातीची राजधानी दुसऱ्याच बाईने बघावी हे मला सहन होत नाही. हसायचं तर हस. परीक्षितलाही सांग, तोही हसेल. मी सासू आहे, एवढी सूट मला मिळायला हवी.

एप्रिलचं मनात ठेवू नकोस. तू एकदा विचारलंस, मी एकदा नको म्हटलं, हिशेब सरळ आहे. आमच्या वेळी लोक तिसऱ्यांदा हो म्हणायचे, आणि तोवर पहिला माणूस दमून घरी जायचा.

मी येतेय म्हणून तुझ्या आईला कुठेही पाठवायचं नाही. हे नीट ऐक. मला बँकॉक ती दाखवणार आहे, बसल्या जागेवरून. कुठली पायरी, कुठली होडी, कुठली घोरपड, हे सगळं तिला पाठ आहे. इलामागे पळायचं काम माझं. हे मान्य करूनच मी येतेय असं समज, आणि दोन्ही आज्या सोफ्यावर मावतील असं बघ.

इलाला सांग, मी घोरपडी बघायला येतेय. आणि ती आता मला काय म्हणेल ते तिचं तिला ठरवू दे.

आई

ता. क. कुकरच्या शिट्टीचं आत्ता आठवलं. ती इलाला मीच दिली होती, निघायच्या गडबडीत, खेळायला म्हणून, आणि मीच विसरले. पोरीकडे आहे, मोज्यात. तिच्याकडून घेऊ नकोस. तुझ्या आईची बॅग मात्र तू त्या दिवशी पलंगावर उलटी केली होतीस म्हणे. ती पुन्हा तूच नीट भरून दे.